एक डोळा उघडा

सगळ्यांनी डोळे मिटले की आपला एक उघडा ठेवायचा, ही विद्या मला सायकलच्याही आधी आली. उजवा डोळा पुरता मिटायचा. डावा असा अर्धवट, की पापण्यांच्या केसांआडून समोरचं दिसावं. मान खाली, ओठ जरासे हलते, म्हणजे दुसरा कुणी आपल्यासारखाच चोर निघाला तरी त्याला वाटावं, पोरगं प्रार्थनेत बुडालंय. या एका डोळ्यानं मला जेवढी माणसं शिकवली तेवढी रविवारच्या कुठल्याच उपदेशानं शिकवली नाहीत. आणि माझ्या हातून जे व्हायचं ते झालं, तेही हा डोळा उघडा असतानाच झालं.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान. बारामतीत मोजकी घरं, आणि इंदापूर, शेळगाव, निमगाव केतकी अशा गावांतून एखाद-दुसरं. रविवारी चर्च आणि बुधवारी संध्याकाळी पाळीपाळीनं एकेकाच्या घरी प्रार्थना. सतरंज्या अंथरायच्या, गोल बसायचं, एक-दोन गीतं म्हणायची आणि मग ओळीनं एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची. नियम एवढाच, की कुणाची प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायचं नाही. माणूस देवाशी बोलतोय, त्याला अडवणारे आपण कोण? हा नियम ज्यानं घातला त्याचा माणसांशी फारसा संबंध आला नसावा. कारण आमच्याकडची माणसं जे एकमेकांना तोंडावर म्हणू शकत नसत ते देवाला सांगायची. मार्थामावशी डोळे मिटून म्हणायच्या, "प्रभू, ज्या बहिणीनं नाताळात माझं पातेलं नेलं तिच्या मनात तू उजेड पाड." त्या बहिणीची पाळी आली की ती म्हणायची, "प्रभू, पातेलं मिळूनसुद्धा ज्यांच्या ध्यानात ऱ्हात न्हाय, त्यांच्या म्हातारपणाला तू आधार दे." दोन्ही प्रार्थनांना सगळे एका सुरात आमेन म्हणायचे आणि नंतर त्या दोघी शेजारी बसून बशीतून चहा प्यायच्या. हल्ली हे सगळं मोबाइलवरच्या ग्रुपवर चालतं. कुणाच्या तरी घरातली भानगड प्रार्थना-विनंती म्हणून येते आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. मजा गेली. पापण्या बघायला मिळत नाहीत.

आमचे वडील, आबा, यांचं बारामतीत इंदापूर रस्त्याला सायकलचं दुकान होतं. माझं बालपण पंपाच्या फुसफुशीत आणि सोल्युशनच्या वासात गेलं. उसाच्या हंगामात त्या वासात साखर कारखान्याच्या मळीचा गोडसर वास मिसळायचा आणि सगळ्या गल्लीचं डोकं जड व्हायचं. दुकानाच्या पायरीशी पाण्यानं भरलेलं एक घमेलं असे. ट्यूब फुगवायची, घमेल्यात बुडवायची, हळूहळू फिरवायची आणि बुडबुडा कुठं येतो ते बघायचं. बुडबुडा दिसला की आबांच्या तोंडावर जे समाधान पसरायचं ते पंक्चर निघाल्यावर गिऱ्हाइकाच्याही तोंडावर दिसत नसे. माणसांनाही ते तसंच बुडवून बघायचे. "दिसायला टणक हाय," एखाद्याबद्दल म्हणायचे, "पण कुठंतरी सुटतंय." ते मंडळीचे पंच होते, त्यामुळे त्यांचं हे दुसरं घमेलं अधिकृत होतं.

रविवारी उपासनेहून आलो की आमच्याकडं मटण. आई पाट्यावर वाटण वाटायची, आणि वरवंट्याच्या तालावर मंडळीतलं एकेक नाव निघायचं. "तो मागच्या बाकावरचा नुसतं तोंड हलवतो. गीताला आवाजच न्हाय," आबा म्हणायचे. "बायकोपुढं निघत न्हाय, तर देवापुढं कसा निघंल?" आई म्हणायची आणि भाकरी कुस्करून रस्सा ओतायची. मटण कमी पडायचं. माणसं कधी कमी पडली नाहीत. पाळकांनी कधी कुसळा-मुसळाचा उपदेश केला, की दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायच्या आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ बघा, तर आबा खूश होऊन घरी यायचे. "आज पाळकांनी मार्थाबाईला चांगलं धुतलं." तो उपदेश आपल्यालाही असू शकतो ही शंका आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नाही. आली असती तर आईनं तिला चपला बाहेर काढायला लावल्या असत्या.

अशा घरात वाढलेल्या पोराला देवानं आवाज दिला. मिसरूड फुटताना सगळ्यांचा फाटतो, माझा जुळून आला. मी "हे प्रेमळ पित्या" म्हणालो की म्हाताऱ्या पदर शोधायच्या. शब्द आपोआप यायचे, आणि रडूही. याला शिकवून पाळक करायचं, असं मंडळीनं परस्पर ठरवून टाकलं. मला त्यातलं एकच कळलं होतं, की प्रार्थनेत आपल्याला कुणी अडवू शकत नाही.

दानिएल मास्तर निमगाव केतकीचे. मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, बँडचे. खांद्यावर जर लावलेला लाल कोट, हातात क्लॅरिनेट. साऱ्या तालुक्याच्या लग्नांत ते नवरदेवापुढं वाजवत चालायचे आणि रविवारी आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवायचे. बायको मागंच वारलेली. घरात ते आणि त्यांना आप्पा म्हणणारी त्यांची मुलगी सुवार्ता. मास्तर प्यायचे. वराती वाजवणाऱ्याला सुपारीबरोबर बाटली यायचीच. हे मंडळीला माहीत होतं, आणि या कारणानं त्यांना प्रभुभोजनाला बसायची मनाई होती. भाकर आणि द्राक्षरस फिरायला लागले की मास्तर पेटीवर मान घालून वाजवत राहायचे. ताट त्यांच्या कोपरापासून पुढं जायचं. अशा वेळी त्यांच्या तोंडाकडं बघायचं नाही, एवढी सभ्यता आमच्यात होती. मी बघायचो. सुवार्ताही बघायची. प्रार्थनेत डोळा उघडा ठेवणारं माझ्याशिवाय ते एकच माणूस होतं, आणि आमची ओळख तशीच झाली. बुधवारी मार्थामावशी देवाला पातेल्याची आठवण करून द्यायला लागल्या की दोन अर्धे डोळे एकमेकांना सापडायचे आणि हसू दाबताना आमची पोटं दुखायची. त्यापलीकडं आम्ही चार शब्दही बोललो नसू. मला ती आवडायची की काय, ते मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळून घ्यायची सोय राहिली नाही.

तिला सोलापूरकडून स्थळ आलं. मुलगा शाळेत शिक्षक, घरात सगळे शिकलेले, आणि मुलाचे चुलते पाळक. त्यांची एकच अट. घर निर्व्यसनी पाहिजे. मास्तरांनी बाटली सोडली. ज्वारीच्या पेरणीला सोडली आणि काढणी आली तरी शिवले नव्हते. बँडातली पोरं चेष्टा करायची, तर ते म्हणायचे, "लोकांच्या पोरींपुढं लई वाजवलं. माझ्या पोरीच्या लग्नात मी वाजवणार न्हाय, बसणार हाय. इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या बाकावर." आणि आश्चर्य म्हणजे मंडळीनंही तोंड मिटलं. आईसुद्धा वाटण वाटताना म्हणाली, "लगीन हुईस्तोवर त्यांचं नाव काढायचं न्हाय कुणी. बिनआईची पोरगी हाय." आमच्या घरात कुणाला वगळल्याचं मला आठवतं ते हे एकदाच.

पाहुणे बुधवारी यायचे ठरले, प्रार्थना मास्तरांच्याच घरी. त्याआधीच्या इंदापूरच्या बाजारी आबांनी मला एक जुनी सायकल आणायला धाडलं. सायकल ताब्यात घेतली आणि सरळ घरी यायचं सोडून मी बाजारामागच्या बाभळींत गेलो. तिथं एका छपरात हातभट्टी मिळायची. प्यायची तलफ मला कुठली. पण जिच्याविरुद्ध आपण एवढी सुंदर प्रार्थना करतो ती चीज बघावी तरी, असा अभ्यासू विचार होता. डोक्याला रुमाल बांधला, जसं काही रुमालानं ख्रिस्ती पोर ओळखू येत नाही. बाईनं काचेचा गलास पुढं ठेवला. रॉकेलनं आंघोळ घातलेल्या केळ्यासारखा वास. मी गलास उचलला, आणि मागून आवाज आला.

"पभ्या."

दारात दानिएल मास्तर. सुपारी वाजवून येताना बँडातली पोरं छपरामागं प्यायला बसली होती आणि मास्तर क्लॅरिनेटची पेटी काखेत धरून बाहेर त्यांची वाट बघत उभे होते. मी गेलो तेव्हा ते बाभळीच्या सावलीला होते, मला दिसलेच नव्हते.

"आबांनी सायकल आणाय धाडलं नव्हं तुला?"

"व्हय."

"मग ही काय टायरात भरणार हायस?"

त्यांनी माझ्या हातातून गलास काढून घेतला आणि बाहेर ओतायला दारापर्यंत गेले. तिथं थांबले. पाठ माझ्याकडं. मला त्यांची मान दिसत होती, कॉलरीवरची काळी पडलेली जर दिसत होती. मग ती मान मागं कलली. त्यांनी गलास रांजणातल्या पाण्यानं विसळला, बाईपुढं पालथा ठेवला आणि माझ्याकडं न बघता, माझीच माफी मागितल्यासारखं म्हणाले, "टाकाय हात हुईना रं."

सायकलीपर्यंत ते माझ्याबरोबर चालत आले. "जा घरला. मी तुला बघितलं न्हाय."

आता शहाण्या पोरानं यावर विश्वास ठेवला असता. पण मी कुणाच्या घरातला? बघितलं आणि बोलला नाही, असा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. बारामतीपर्यंत पायडल मारताना माझ्या डोक्यात एकच चक्र. मास्तर आबांना सांगणार. आज नाही तर उद्या. बुधवारी प्रार्थनेतच सांगतील, आमच्यात तसंच सांगतात. आणि मग पंक्चरच्या भोकाएवढा बारीक विचार मला सुचला, की आपण आधी बोललो तर? दारुड्याच्या तोंडचं नंतर कोण खरं मानतो?

बुधवारी मास्तरांचं घर शेणानं सारवलेलं, दाराशी रांगोळी, आत शेवयांच्या खिरीचा वास. सोलापूरचे पाहुणे, त्यात ते पाळक चुलते, पांढऱ्या कपड्यांत भिंतीला टेकून बसले होते. मुलगा बुजरा होता आणि सुवार्ताकडं बघण्याचं टाळून टाळून कानापर्यंत लाल झाला होता. मास्तरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. ओळ सुरू झाली. मार्थामावशींनी पातेल्याचं नावसुद्धा काढलं नाही. मग मी. माझ्या उजवीकडं मास्तर, त्यांची पाळी माझ्यानंतर.

"हे प्रेमळ पित्या," मी सुरुवात केली, आणि पाळक चुलत्यांनी मान डोलावलेली माझ्या डाव्या डोळ्याला दिसली. मी घराला आशीर्वाद मागितला. नव्या नात्याला मागितला. "पण प्रभू, या घरच्या कर्त्या पुरुषाला दारूच्या बंधनातून तू सोडव. लोकांपुढं तो सुटल्यासारखा दिसतो, पण इंदापूरच्या बाजारामागं तुझ्या डोळ्यांनी त्याला परवाच पाहिलंय. त्याचा तू तिरस्कार करू नकोस, प्रभू. आम्हीही करत नाही. आम्ही त्याच्यावर प्रेम करतो." तुझ्या डोळ्यांनी म्हणालो, डोळा माझाच होता. आणि मी रडलो. खरे अश्रू आले. ते कुठून आले मला अजून कळलेलं नाही. आवाजाबरोबर फुकट मिळाले असावेत.

रडताना मिटलेला डावा डोळा मी पुन्हा उघडला. समोर सुवार्ता. तिचा डोळा उघडा होता. नेहमीसारखा अर्धा नाही, दोन्ही, पुरते. रागही नव्हता त्यांत. फडताळात ठेवलेली वस्तू जागेवर नसली की आपण त्या रिकाम्या जागेकडं बघत राहतो, तशी ती माझ्याकडं बघत होती.

"आमेन," पाळक चुलते म्हणाले. मग सगळे म्हणाले. आई जरा मागं राहिली, पण म्हणाली तेव्हा तिचाच आवाज सगळ्यांत खणखणीत होता.

आता मास्तर. घमेल्यात ट्यूब बुडाली होती आणि बुडबुडा माझाच निघणार होता. गलास कुणाचा, एवढंच सांगायचं होतं त्यांना. सांगितलं असतं तर त्यांचं पुरतं नाही, पण अर्धं तरी धुतलं गेलं असतं. चुलते विचारात पडले असते. मध्ये कुणी बोलूही शकत नव्हतं.

"प्रभू," मास्तर म्हणाले. त्यांना प्रार्थना कधीच नीट यायची नाही, पेटी वाजवायचे म्हणून चालून जायचं. "पोरगं खोटं न्हाय बोललं. त्या दिशी मी पेलो. माझं माप माझ्या लेकीला लावू नगंस. आनि ह्या पोराला..." बाहेर शेळी ओरडली. "ह्या पोराला सांबाळ. आमेन."

प्रार्थना संपल्यावर खीर झाली. पाहुण्यांनी वाट्या निपटून खाल्ली, वेलदोड्याचं कौतुक केलं. सुवार्ता वाढत वाढत माझ्यापर्यंत आली आणि माझी वाटी तिनं काठोकाठ भरली. "घे," म्हणाली. "घसा कोरडा पडला असंल." मी ती खीर संपवली. गोड होती, हे लिहायला लाज वाटते, पण होती. निघताना पाळक चुलत्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मास्तरांना म्हणाले, "तुमच्यासाठी आम्ही प्रार्थना करत राहू." आमच्यात नकार असा देतात. तो बुजरा मुलगा चपला घालताना एकदा मागं वळला. चुलत्यांनी त्याला दंडाला धरून नेलं.

त्या रविवारी आईनं मला मटणातली नळी वाढली. घरात नळी फक्त आबांना असे. "पोराला देवानं दाखवलं," ती म्हणाली, आणि नंतर बराच वेळ वाटण न वाटता वरवंटा धरून बसली. मी नळी ओढून ओढून खाल्ली. मास्तरांनी त्यानंतर पुन्हा बाटली धरली. उघड प्यायला लागले. चोरायचं कुणासाठी? पंचांनी, म्हणजे आबांनीच, त्यांच्याकडून चर्चची पेटी काढून घेतली आणि ते मागच्या बाकावर गेले, मग बाकावरूनही गेले. वारले तेव्हा मंडळी म्हणाली, आपण एवढी प्रार्थना केली, पण माणसाचंच मन नव्हतं. ते असतानाच सुवार्ताला दौंडकडं एका बिजवराला दिलं, दोन पोरांच्या बापाला. तिच्या लग्नात बँड नव्हता. मास्तर चर्चबाहेर लिंबाखाली बसले होते, आणि त्यांना आत आणू नये असं सगळ्यांचं मत पडलं. माझंही मत विचारलं होतं. मी प्रार्थना करू म्हणालो.

मी पाळक झालो नाही. विमा विकला. आवाज तोच, भीती घालायची रीतही तीच; नरकाच्या जागी अपघात आला, एवढाच फरक. दारूला मी आयुष्यात शिवलो नाही आणि मंडळीत माझ्या निर्व्यसनीपणाचे दाखले देतात. पुढं आलेल्या कुठल्याही गलासात मला एक मागं कलणारी मान दिसते, हे कुणाला सांगायचं?

नवरा गेल्यावर सुवार्ता निमगाव केतकीच्या त्याच घरात परतली. बिजवराची पोरं तिला जीव लावतात असं ऐकलं, पण तिला इथंच राहायचं होतं. मी जायचं टाळत राहिलो. शेवटी यंदा गेलो. पिशवीत केळी आणि डोक्यात पाठ केलेलं भाषण. ती ओसरीवर खाटेला बसली होती, केस पांढरे झालेले, डोळे तेच. चहा ठेवला. मी घसा साफ केला. "सुवार्ता, त्या इंदापूरच्या बाजाराचं..."

"गलास तुझा व्हता," ती म्हणाली. "केळी हितं ठेव, मुंग्या लागतील."

मी पिशवी खाली ठेवली. "तुला कुणी सांगितलं?"

"आप्पांनी. घरी आल्या आल्या. त्यांना कवा काय झाकाय येत व्हतं?"

"म्हणजे मी प्रार्थना करत होतो तेव्हा तुला..."

"माहीत व्हतं की. तू काय काय म्हणतोस ते बघत व्हते. रडलास पन चांगला."

"मग बोलली का नाहीस? तुझीही पाळी आली होती."

"आप्पांनी आधीच सांगून ठेवलं व्हतं. पोरगं बारकं हाय, त्याचं समदं व्हायचंय, कुनाचा न्याय करायचा न्हाय. म्हणून न्हाय केला." तिनं कप माझ्यापुढं सरकवला. "माझं पन समदं व्हायचंच व्हतं. पन त्या दिशी कुनाच्या ध्यानात आलं न्हाय."

शेवटी म्हातारपणी माणूस जे निलाजरेपणानं विचारतो ते मी विचारलं. "पण मनातून माफ केलंस ना?"

"आप्पांनी केलं. मी आप्पा न्हाय," ती म्हणाली. "न्याय करायचा न्हाय म्हणले ते, म्हणून करत न्हाय. रोज सकाळी उठून करत न्हाय. तेवढंच जमतंय."

चहात साखर नव्हती. ती विसरली की तिनं घातली नाही, हे मी विचारलं नाही. मी उठलो तशी ती म्हणाली, "ख्रिस्ती मानसानं घरातनं प्रार्थना केल्याबिगर जाऊ नाय. बस. कर."

मी बसलो. मान खाली घातली. "हे प्रेमळ पित्या," म्हणालो, आणि पुढं काहीच आलं नाही. ना शब्द, ना ते फुकटचे अश्रू. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याचं गाणं दूरवर ऐकू येत राहिलं. लहानपणापासूनची सवय, डावी पापणी आपोआप हलायला लागली. मी ती दाबून धरली, दोन्ही डोळे दुखेपर्यंत आवळून घेतले आणि तसाच बसून राहिलो.

"म्हण आता आमेन," समोरून आवाज आला. "दोनी मिटलेत. बघितलं मी."